दोजानू

बसण्याच्या निरनिराळ्या रीती असतात. कोणी खुर्चीवर बसतो, कोणी उकिडवा बसतो, कोणी मांडी घालून बसतो. दोन्ही पाय गुडघ्यांत मोडून आणि हात मांड्यांवर ठेवून बसण्याचीही एक रीत आहे. नमाजमध्ये आपण जवळजवळ असेच बसतो. योगासने शिकवणारे शिक्षक अशा बैठकीला ‘वज्रासन’ म्हणतात. जपानमध्ये तिला ‘सेइझा’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ ‘योग्य बैठक’ असा आहे. ज्युदोचे खेळाडू सरावाच्या सुरुवातीला असेच बसून एकमेकांना अभिवादन करतात.

उर्दूत या बसण्याला आपण ‘दोजानू बैठना’ म्हणतो. मराठीत ‘गुडघे मोडून बसणे’ किंवा ‘गुडघे टेकून बसणे’ असे म्हणता येईल. पण ‘दोजानू’ या एका शब्दात जो आदर आहे, तो मराठीतील या शब्दांत आहे काय? की त्यांत दुसराच काही अर्थ आहे? हे समजण्यासाठी या लहानशा शब्दाची ओळख करून घेऊ या.

‘दोजानू’ हा शब्द उर्दूत फारसीतून आला. त्याचे दोन भाग आहेत. ‘दो’ म्हणजे दोन आणि ‘जानू’ म्हणजे गुडघा. दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून बसणे म्हणजे दोजानू बसणे. उर्दूत ‘चारजानू’ असाही शब्द आहे. माणसाला गुडघे तर दोनच असतात. पण मांडी घालून बसलेल्या माणसाला ‘चारजानू बैठा है’ असे म्हणतात. दुःखाने किंवा विचाराने डोके गुडघ्यांवर ठेवून बसलेल्या माणसाला ‘सर-ब-जानू’ म्हणतात. असा हा ‘जानू’ उर्दूत जागोजागी भेटतो.

आता तुम्हांला एक गंमत सांगतो. हा ‘जानू’ मराठीतही आहे. तुम्ही इतिहासात किंवा गोष्टींत ‘आजानुबाहू’ हे विशेषण वाचले असेल. एखादा वीर पुरुष आजानुबाहू होता, असे वर्णन येते. या शब्दाची फोड करा : आ + जानु + बाहू. ‘आ’ म्हणजे पर्यंत. जन्मभर या अर्थी आपण ‘आजन्म’ म्हणतो, त्यातला हाच ‘आ’. ‘जानु’ म्हणजे गुडघा आणि ‘बाहू’ म्हणजे हात. ज्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोहोचतात, इतके लांब आहेत, तो आजानुबाहू. पूर्वीच्या काळी हे थोर पुरुषाचे लक्षण मानीत.

म्हणजे फारसीतील ‘जानू’ आणि संस्कृतमधील ‘जानु’ यांचा अर्थ एकच आणि उच्चारही जवळजवळ एकच. एवढेच नव्हे, तर ‘बाहू’चा भाऊही फारसीत आहे. तो कोणता, हे तुम्ही ओळखलेच असेल. तो म्हणजे ‘बाजू’. उर्दूत बाजू म्हणजे दंड, हात. मराठीने फारसीतून ‘बाजू’ हा शब्द घेतला आणि त्याला ‘कड’, ‘अंग’ असा अर्थ दिला. आपण ‘रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे आहेत’ असे म्हणतो. पण ‘बाजूबंद’ या दागिन्याच्या नावात मात्र दंड हा जुना अर्थ अजून टिकून आहे.

हा योगायोग आहे का? नाही. ‘जानू’ लिहिताना उर्दू लिपीत आपण ‘जीम’ हे अक्षर वापरत नाही, ‘जे’ वापरतो. मराठीतही ‘ज’चे दोन उच्चार आहेत. ‘जन्म’मधील ज वेगळा आणि ‘जसा’मधील ज वेगळा. यांपैकी ‘जसा’मधील ज हा ‘जे’च्या उच्चाराला जवळचा आहे. संस्कृत शब्दांत जेथे ज किंवा ह असतो, तेथे फारसीत अनेकदा ‘जे’ असतो. खालील जोड्या मोठ्याने वाचा :

जानु – जानू
बाहू – बाजू
जीव – जिंदगी
जिव्हा – जबान
जात – जादा

‘जिव्हा’ या संस्कृत शब्दापासून मराठीत ‘जीभ’ झाली. ‘जात’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘जन्मलेला’ असा आहे. ‘शहाजादा’ म्हणजे शहाच्या पोटी जन्मलेला. या जोड्यांतील शब्द एका भाषेने दुसरीकडून उसने घेतलेले नाहीत. हजारो वर्षांपूर्वी संस्कृत बोलणाऱ्यांचे पूर्वज आणि जुनी इराणी भाषा बोलणाऱ्यांचे पूर्वज एकच भाषा बोलत असत. पुढे ते लोक दूर गेले. भाषा बदलत गेल्या. तरी घरातील जुनी भांडी दोन्ही भावांच्या वाटणीला यावीत, तसे हे शब्द दोन्हीकडे राहिले.

हे नाते फक्त इराणपर्यंतच नाही. कलकत्त्यात सर विल्यम जोन्स नावाचे इंग्रज न्यायाधीश होते. त्यांना फारसी उत्तम येत होती. भारतात आल्यावर ते संस्कृत शिकले. 2 फेब्रुवारी 1786 रोजी एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी एक महत्त्वाचा विचार मांडला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांत इतके साम्य आहे, की त्या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असल्या पाहिजेत, असे ते म्हणाले. फारसीलाही त्यांनी याच कुटुंबात जागा दिली. गुडघ्याचेच उदाहरण घ्या. संस्कृतमध्ये ‘जानु’, फारसीत ‘जानू’, ग्रीकमध्ये ‘गोनु’ आणि लॅटिनमध्ये ‘गेनु’. इंग्रजीत गुडघ्याला ‘नी’ म्हणतात, पण त्याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘के’ हे अक्षर असते. स्पेलिंग पाठ करताना हा मुका ‘के’ तुम्हांला त्रास देतो. पण तो उगीच आलेला नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार होत असे. जर्मन भाषेत आजही ‘क्नी’ असाच उच्चार करतात. ‘गेनु’चा ग आणि ‘क्नी’चा क हे त्या जुन्या नात्याचे साक्षीदार आहेत.

लॅटिन ‘गेनु’पासून इंग्रजीत ‘जेनुफ्लेक्ट’ असा शब्द झाला. त्याचा अर्थ ‘आदराने गुडघा टेकणे’ असा आहे. मुंबई, वसई किंवा गोव्यातील एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये तुम्ही गेलात, तर आत येणारे लोक उजवा गुडघा जमिनीला टेकवून वेदीकडे आदर व्यक्त करताना दिसतील. त्या क्रियेचे नाव हेच. म्हणजे मशिदीतील ‘दोजानू’ आणि चर्चमधील ‘जेनुफ्लेक्ट’ यांच्या पोटात एकच गुडघा आहे!

गुडघ्याकडून आता वाकण्याकडे वळू. आपण ज्याला ‘नमाज’ म्हणतो, त्याला अरबीत ‘सलात’ म्हणतात. ‘नमाज’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ वाकणे, आदर दाखवणे असा आहे. संस्कृतमध्ये ‘नम्’ या धातूचा अर्थही वाकणे असाच आहे. त्यापासून मराठीत नमन, नम्र, नमस्कार, प्रणाम हे शब्द आले. ‘नमाज’ आणि ‘नमस्कार’ हे शब्द एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत. याचा अर्थ दोन्ही क्रिया एकच आहेत, असा मात्र नाही. नमाज ही अल्लाहची इबादत आहे आणि नमस्कार हे माणसाने माणसालाही करायचे अभिवादन आहे. शब्दांचे नाते आणि आचार या वेगळ्या गोष्टी आहेत. पण वाकण्यात नम्रता आहे, ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे, हे लक्षात ठेवा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मराठीत गुडघ्याचे काही वाक्प्रचार आहेत. लग्नाला उतावळा झालेल्या माणसाविषयी ‘गुडघ्याला बाशिंग बांधून बसला आहे’ असे म्हणतात. बाशिंग खरे तर कपाळावर बांधायचे असते. घाई इतकी, की ते गुडघ्यालाच बांधले! एखादा मूर्खपणाने वागला, तर ‘त्याची अक्कल गुडघ्यात आहे’ असे म्हणतात. आणि ‘गुडघे टेकणे’ म्हणजे हार पत्करणे, शरण जाणे. ‘शत्रूने अखेर गुडघे टेकले’ असे वाक्य तुम्ही वाचले असेल. उर्दूतील ‘घुटने टेकना’ याचाही अर्थ हाच आहे.

पण उर्दूत दुसराही एक वाक्प्रचार आहे : ‘जानू-ए-अदब तह करना’. शब्दशः त्याचा अर्थ ‘अदबीचा गुडघा दुमडणे’ असा होतो. ‘जानू-ए-तलम्मुज तह करना’ असेही म्हणतात. ‘तलम्मुज’ म्हणजे शागिर्दी, शिष्यपण. एखाद्या कवीने किंवा विद्वानाने अमुक उस्तादांसमोर जानू-ए-तलम्मुज तह केला, म्हणजे तो त्यांचा शिष्य झाला. येथे एक काळजी घ्या. मराठीत ‘तह’ म्हणजे दोन राज्यांतील करार. 1665 सालचा पुरंदरचा तह तुम्ही इतिहासात शिकला आहात. उर्दूतील ‘तह करना’ म्हणजे घडी घालणे. दोन्ही शब्द सारखे दिसतात, पण अर्थ वेगळा आहे. मराठीत लिहिताना ‘कपड्यांचा तह केला’ असे लिहू नका; ‘कपड्यांची घडी घातली’ असे लिहा.

म्हणजे गुडघा एकच, जमीनही एकच. पण ‘घुटने टेकना’ म्हणजे हार आणि ‘जानू-ए-अदब तह करना’ म्हणजे शिकण्याची सुरुवात. हा फरक कशामुळे पडतो? गुडघा कोणापुढे मोडला आणि का मोडला, यावर सारे अवलंबून आहे. इतिहासातील काही प्रसंग पाहिले, तर हे स्पष्ट होईल.

राजदरबारात गुडघा, कंबर आणि मान यांचे फार कडक नियम असत. मराठीतील ऐतिहासिक नाटकांत आणि कादंबऱ्यांत ‘लवून कुर्निसात केला’ असे वाक्य नेहमी येते. ‘कुर्निसात’ म्हणजे उर्दूतील ‘कोर्निश’. हा शब्द मूळचा तुर्की आहे. तुर्कीत त्याचा अर्थ ‘दिसणे’, ‘नजरेसमोर येणे’ असा आहे. बादशहाच्या नजरेसमोर हजर होणे म्हणजे कोर्निश. पुढे त्या वेळी करायच्या मुजऱ्यालाच हे नाव मिळाले. अकबर बादशहाच्या दरबारातील अबुल फजल यांनी ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथात याचे वर्णन केले आहे. उजव्या हाताचा तळवा कपाळाला लावून मान खाली झुकवणे म्हणजे कोर्निश. उजव्या हाताची मागची बाजू जमिनीला टेकवून, तो हात सावकाश वर आणत सरळ उभे राहणे आणि तळवा डोक्यावर ठेवणे म्हणजे तसलीम.

मराठीतील ‘मुजरा’ हा शब्दही असाच आदराचा आहे. ‘मानाचा मुजरा’ म्हणजे सन्मानपूर्वक केलेले अभिवादन. उर्दूत आज त्याचा नाचगाण्याशी संबंध जोडला जातो, म्हणून मराठीत तो वाचताना तुम्ही गोंधळू नका.

अकबराच्या काळी काही लोक बादशहासमोर सजदाही करीत. सजदा म्हणजे जमिनीवर कपाळ टेकणे. हे अनेकांना मान्य नव्हते. सजदा फक्त अल्लाहलाच, माणसाला नाही, असे ते म्हणत. त्यामुळे सर्वांसाठी भरणाऱ्या दरबारात सजदा करण्यास अकबरानेच मनाई केली आणि तो खासगी बैठकीपुरता ठेवला. पुढे शाहजहान 1628 मध्ये गादीवर आला, तेव्हा त्याने ही चाल बंद केली. बादशहा कितीही मोठा असला, तरी त्याच्यापुढे किती वाकायचे याला एक मर्यादा आहे, ही गोष्ट येथे मान्य झाली.

हा वाद फार जुना आहे. सिकंदराने इराण जिंकल्यावर त्याला तेथील दरबाराची रीत आवडली. आपल्या ग्रीक सरदारांनीही आपल्यापुढे लोटांगण घालावे, असे त्याला इ.स.पू. 327 च्या सुमारास वाटू लागले. तेव्हा कॅलिस्थेनिस नावाच्या विद्वानाने त्याला विरोध केला. तो अरस्तूचा नातलग होता. असा मान देवांना द्यायचा असतो, माणसाला नाही, असे त्याचे म्हणणे होते. सिकंदराला हा हट्ट सोडावा लागला. पण कॅलिस्थेनिसवर त्याची मर्जी राहिली नाही. पुढे त्याच्यावर कटाचा आरोप आला आणि त्याचा अंत झाला.

चीनमध्ये सम्राटासमोर तीन वेळा गुडघे टेकायचे आणि नऊ वेळा कपाळ जमिनीला लावायचे, अशी पद्धत होती. चिनी भाषेत तिला ‘कोउतोउ’ म्हणतात. ‘कोउ’ म्हणजे आपटणे आणि ‘तोउ’ म्हणजे डोके. 1793 मध्ये इंग्लंडचा वकील लॉर्ड मॅकार्टनी चीनच्या सम्राटाच्या भेटीला गेला. त्याने हे करण्यास नकार दिला. माझ्या राजासमोर मी जसा एक गुडघा टेकतो, तसा येथे टेकीन, असे त्याने सांगितले आणि तसेच केले. एका गुडघ्याने आदर दिसतो, पण डोके आपटण्यात गुलामी दिसते, असे त्याला वाटले. या चिनी शब्दावरून इंग्रजीत आलेल्या ‘काउटाउ’ या शब्दाचा अर्थ आज ‘लाचारी करणे’ असा झाला आहे.

या सर्व प्रसंगांत वाकण्याचा हुकूम वरून आलेला आहे. हुकमाने वाकवलेला गुडघा आदर दाखवतो की भीती, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. पण कोणाचाही हुकूम नसताना गुडघा टेकणारी माणसेही इतिहासात होऊन गेली.

7 डिसेंबर 1970 रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे गेले होते. दुसऱ्या महायुद्धात नाझी सैन्याने या शहरातील ज्यू लोकांना एका वस्तीत कोंडून त्यांचा संहार केला होता. 1943 मध्ये तेथे उठाव करणाऱ्या ज्यूंचे स्मारक आहे. ब्रांट यांनी त्या स्मारकावर फुले वाहिली. फुलांच्या फिती सरळ केल्या. आणि मग ते एकाएकी ओल्या जमिनीवर दोन्ही गुडघे टेकून काही क्षण स्तब्ध राहिले. ब्रांट यांनी स्वतः कोणालाही मारले नव्हते. उलट तरुणपणी ते नाझींच्या विरोधात होते आणि त्यासाठी त्यांना देश सोडावा लागला होता. तरी देशाच्या वतीने त्यांनी मृतांची माफी मागितली. एकही शब्द न बोलता! एका मोठ्या देशाचा प्रमुख गुडघ्यांवर आला. पण त्याने ‘गुडघे टेकले’ असे मराठी वाक्प्रचाराच्या अर्थाने कोणी म्हणणार नाही. पुढच्याच वर्षी, 1971 मध्ये, त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अलीकडचे उदाहरण खेळाच्या मैदानावरचे आहे. अमेरिकेत कॉलिन केपरनिक नावाचा फुटबॉल खेळाडू आहे. कृष्णवर्णीय लोकांवर होणाऱ्या अन्यायाचा निषेध म्हणून 2016 मध्ये तो राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहू लागला. तेव्हा नेट बॉयर नावाच्या माजी सैनिकाने त्याला एक गोष्ट सुचवली. सैनिक आपल्या मृत सोबत्याच्या कबरीसमोर एक गुडघा टेकतात, तसे तूही कर, असे तो म्हणाला. त्यामुळे निषेधही होईल आणि आदरही राहील. केपरनिकने ते मान्य केले. मे 2020 मध्ये अमेरिकेत एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा दाबून त्याचा जीव घेतला. तेव्हा जगभरचे खेळाडू एक गुडघा टेकून उभे ठाकले. जुलै 2020 मध्ये इंग्लंड आणि वेस्ट इंडीजच्या क्रिकेटपटूंनी साउदॅम्प्टनच्या मैदानावर असाच गुडघा टेकला. एका गुडघ्याने माणसाचा श्वास कोंडला, तर हजारो गुडघ्यांनी त्याला न्याय मागितला.

आता आपल्या वर्गात या. शिक्षकांसमोर अदबीने बसावे, असे आपल्याला घरी शिकवतात. ‘अदब’ या अरबी शब्दाचा उर्दूत ‘साहित्य’ असाही अर्थ होतो. ज्याला चांगले बोलणे, चांगले वागणे कळते, त्यालाच साहित्य कळते, असा भाव त्यात आहे. मराठीने हा शब्द आपलासा केला आहे. ‘अदबीने बोलणे’, ‘अदब राखणे’, ‘बेअदबी’ हे शब्दप्रयोग मराठीत रूढ आहेत.

पण अदब म्हणजे काय? गप्प बसणे म्हणजे अदब काय? काही मुलांना तसे वाटते. धडा समजला नाही, तरी ती हात वर करत नाहीत. प्रश्न विचारला, तर शिक्षकांचा अपमान होईल, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. त्यासाठी तुम्हांला माहीत असलेली एक हदीस आठवा.

हजरत उमर (रजि.) सांगतात, की एके दिवशी एक माणूस पैगंबर मुहंमद (स.) यांच्याकडे आला. त्याचे कपडे अतिशय पांढरे आणि केस अतिशय काळे होते. प्रवासाची कोणतीही खूण त्याच्यावर दिसत नव्हती आणि त्याला कोणी ओळखतही नव्हते. तो पैगंबरांच्या (स.) समोर बसला. त्याने आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांना भिडवले आणि हात मांड्यांवर ठेवले. आणि मग त्याने काय केले? तो एकामागून एक प्रश्न विचारू लागला. इस्लाम म्हणजे काय? ईमान म्हणजे काय? एहसान म्हणजे काय? कयामत कधी येईल? शेवटच्या प्रश्नावर पैगंबरांनी (स.) सांगितले, की याबाबत विचारणाऱ्यापेक्षा उत्तर देणाऱ्याला अधिक माहिती नाही. तो माणूस निघून गेल्यावर त्यांनी सोबत्यांना सांगितले, की ते हजरत जिब्रील (अ.) होते आणि तुम्हांला तुमचा धर्म शिकवण्यासाठी आले होते.

या प्रसंगाकडे नीट पाहा. समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला पाहुणा हा प्रश्न विचारणारा आहे. त्याच्या प्रश्नांमुळे बेअदबी झाली नाही. उलट, त्या प्रश्नांमुळेच सर्वांना ज्ञान मिळाले. आणि ज्यांना प्रश्न विचारला, त्यांनीही जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असे शांतपणे सांगितले. विचारणाऱ्याने अदबीने विचारावे आणि शिकवणाऱ्याने खरे तेच सांगावे, असा हा धडा आहे.

भारतातील जुन्या गुरुशिष्य परंपरेतही हेच दिसते. ‘उपनिषद’ या शब्दाची फोड उप + नि + सद् अशी करतात. तिचा अर्थ ‘जवळ खाली बसणे’ असा आहे. त्यांतील एका उपनिषदाचे नावच ‘प्रश्न’ आहे. त्यात सहा शिष्य पिप्पलाद ऋषींकडे जातात आणि प्रत्येक जण एकेक प्रश्न विचारतो. जवळ बसणे आणि विचारणे, या गोष्टी तेथेही जोडीनेच येतात.

म्हणून शाळेत मुलाला शिक्षा म्हणून गुडघ्यांवर उभे करणे, हे ‘दोजानू’च्या अगदी उलट आहे. पूर्वी अशी शिक्षा सर्रास देत. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यातील 17 व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. शिक्षा म्हणून टेकलेला गुडघा दुखतो आणि मनात भीती बसते. ज्या मुलाच्या मनात भीती बसली, तो प्रश्न विचारत नाही. जो प्रश्न विचारत नाही, त्याचे शिकणे तेथेच थांबते. शिक्षकांचा धाक वाढला म्हणून त्यांचा आदर वाढला, असे होत नाही.

मित्रांनो, भाषा शिकतानाही आपण दोजानूच बसत असतो. मराठी ही परकी भाषा आहे, असे उर्दू माध्यमाच्या काही मुलांना वाटते. पण जानु आणि जानू, बाहू आणि बाजू, नमस्कार आणि नमाज यांची घरे किती जवळ आहेत, हे आज तुम्ही पाहिले. चुका होतील म्हणून घाबरू नका. ‘गुडघा’चे अनेकवचन ‘गुडघे’ होते, तर ‘गुडघ्यावर’ लिहिताना ‘घ्या’ का येतो, हे शिक्षकांना जरूर विचारा. अदबीने बसा, मान ताठ ठेवा आणि हात वर करा.

शब्दार्थ

अभिवादन – सलाम, नमस्कार
लवून – वाकून
आचार – वागण्याची रीत
मर्जी – कृपा, पसंती
वकील (येथे) – एका राजाने दुसऱ्या राजाकडे पाठवलेला प्रतिनिधी
लाचारी – स्वाभिमान सोडून वागणे
संहार – अनेकांचा नाश, कत्तल
स्तब्ध – न हलता, न बोलता
धाक – भीती

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘दोजानू’ या शब्दातील दोन भागांचे अर्थ काय आहेत?
(आ) ‘कुर्निसात’ हा शब्द मूळ कोणत्या भाषेतील आहे?
(इ) लॉर्ड मॅकार्टनी याने चीनच्या सम्राटासमोर काय केले?

2. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘घुटने टेकना’ आणि ‘जानू-ए-अदब तह करना’ यांच्या अर्थांतील फरक सांगा.
(आ) विली ब्रांट यांनी वॉर्सा येथे गुडघे का टेकले?
(इ) प्रश्न विचारणे ही बेअदबी नाही, हे लेखकाने कोणत्या उदाहरणांनी पटवून दिले आहे?

3. वाक्यांत उपयोग करा.
गुडघे टेकणे, गुडघ्याला बाशिंग बांधणे, अदब राखणे, मानाचा मुजरा करणे.

4. उपक्रम : मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत सारखे दिसणारे, पण वेगळ्या अर्थाने वापरले जाणारे पाच शब्द शोधा. घरातील वडीलधाऱ्यांशी व शिक्षकांशी चर्चा करून त्यांचे दोन्ही अर्थ वहीत लिहा.